आम्हाला काहीही चालतं

आमच्या घरात पहिल्यांदा विचारल्यावर ‘हो’ म्हणणं हा असभ्यपणा समजला जायचा. कोणाकडे गेलं आणि त्यांनी चहाचं विचारलं की “नको, आत्ताच झाला” म्हणायचं, मग तो आदल्या दिवशी झालेला असला तरी. यजमानांनी पुन्हा विचारलं की “कशाला उगाच त्रास” म्हणत जरा सैल व्हायचं, आणि शेवटी “बरं, अर्धा कप” म्हणून पूर्ण कप प्यायचा. हा सगळा कार्यक्रम दोन्ही बाजूंना पाठ असायचा. गिरगावातल्या आमच्या चाळीत छत्तीस बिऱ्हाडं होती आणि छत्तीसही घरांत हाच खेळ चालायचा. पहिला नकार शिष्टाचाराचा, खरं काय ते दुसऱ्या वेळेला. आम्हा मुलांना हे पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं.

यात एकच खोट होती. समोरच्याने दुसऱ्यांदा विचारायला हवं.

माझी आत्या लग्न होऊन दादरला गेली आणि तिकडच्या हवेने बिघडली, असं वडिलांचं मत होतं. बिघडली म्हणजे काय, तर ती एकदाच विचारायची. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा दिवाळीनंतर आम्ही तिघं तिच्याकडे गेलो. तिने बेसनाच्या लाडवांचा डबा उघडून पुढे केला. वडील म्हणाले, “नको.” आई म्हणाली, “नको हो, पोट अगदी भरलंय.” माझा हात पुढे गेला होता, पण आईने मांडीला बारीक चिमटा काढला आणि मीही “नको” म्हणालो. आत्या म्हणाली, “बरं,” आणि तिने डब्याला झाकण लावलं. परतीच्या बसमध्ये मी रडवेला होऊन बसलो होतो. वडील आपल्या बहिणीच्या वागण्यावर तोंडसुख घेत होते. मध्येच आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मला पण हवा होता.” वडील म्हणाले, “मग बोलायचंस की!” चिमटा काढला होता त्या जागी आईने माझ्या मांडीवरून हात फिरवला आणि चर्नी रोड येईपर्यंत ती बाहेरच बघत राहिली.

बाहेरच्या जगासाठी ‘नको’ होतं, तसं घरातल्या घरात ‘काहीही चालेल’ होतं. भाजी कुठली करू? काहीही चालेल. सुट्टीत कुठे जायचं? कुठेही. शर्टाचं कापड निळं घेऊ की राखाडी? तुला आवडेल ते घे. असं एकमेकांना म्हणत आम्ही सगळे मिळून कोणालाच न आवडणारी भाजी खायचो आणि कोणालाच न शोभणारे शर्ट घालायचो. याला आम्ही चांगले संस्कार म्हणत होतो.

वडिलांनी तर या दोन शब्दांवर अख्खी नोकरी काढली. फोर्टातल्या एका कचेरीत ते कारकून म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी साहेबांनी त्यांना विचारलं होतं, “कुठल्या विभागात काम करायला आवडेल?” वडील म्हणाले, “कुठेही चालेल, साहेब.” साहेब लोकांना अशी माणसं फार आवडतात. त्यांनी वडिलांना जुन्या फायलींच्या खोलीत पाठवलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. वडील निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले आणि त्यांच्या शिंका मरेपर्यंत थांबल्या नाहीत. “मी कधी तोंड उघडून काही मागितलं नाही,” असं ते शिंका आवरत अभिमानाने सांगायचे, आणि आम्ही आदराने ऐकायचो. आता वाटतं, मागितलं असतं तर निदान खिडकी तरी मिळाली असती.

माझंही वेगळं झालं नाही. दहावीनंतर वडील मला घेऊन कॉलेजात गेले. आवारात दोन रांगा होत्या. सायन्सची रांग उन्हात होती आणि कॉमर्सची जिन्याखाली सावलीत. वडिलांनी विचारलं, “कुठे घ्यायचं तुला?” मी म्हणालो, “काहीही चालेल.” वडिलांनी आकाशाकडे पाहिलं, रुमालाने मान पुसली आणि ते जिन्याखाली जाऊन उभे राहिले. माझ्या आयुष्याची दिशा अशी ठरली. पुढे कॉमर्स झालं, कॉमर्सवाल्यांना मिळते तशी नोकरी झाली, आणि गेली तीस वर्षं मी परळच्या एका ऑफिसात बसून असे कागद तपासतो, जे माझ्यानंतर आणखी दोघं तपासतात. मला खरं काय शिकायचं होतं, असं लोक विचारतात. मला माहीत नाही. थट्टा नाही, खरंच माहीत नाही. सतत ‘काहीही चालेल’ म्हणत राहिलं की आपल्याला काय हवंय ते कळणारा अवयवच हळूहळू झडून जातो.

लग्न मात्र या नियमाला अपवाद ठरलं, आणि त्यात माझं काहीच कर्तृत्व नाही. मुलगी बघायला आम्ही लालबागला गेलो होतो. माणसं मालवणी, बोलणं मोकळं. पोहे झाल्यावर आम्ही उठायला लागलो तशी मुलीची आई दारात आडवी उभी राहिली. “जेवल्याशिवाय जाऊचा नाय हां,” म्हणाली. वडील सवयीने “नको हो, कशाला” म्हणेपर्यंत ताटं मांडून झाली होती. त्या घरात एकदाही विचारत नव्हते, सरळ वाढत होते. आम्ही तिघं आयुष्यात प्रथमच लाजलज्जा सोडून जेवलो. आईने तर सोलकढी तीनदा घेतली. घरी आल्यावर मध्यस्थाने विचारलं, “मुलगी कशी वाटली?” मला ती फार आवडली होती. मी म्हणालो, “चालेल.”

मध्यस्थाने ते उत्तर जसंच्या तसं लालबागला पोचवलं. बायको आजही पाहुण्यांसमोर ते काढते. “मला म्हणाले, चालेल! बाजारात चपला घेतो माणूस, तेव्हा सुद्धा घालून बघतो आणि मग चालेल म्हणतो.” मग तू हो का म्हणालीस, असं कोणी विचारलं की तिचं उत्तर तयार असतं. “त्याआधी दोन बघायला आले होते, दोघं फार बोलत होते. हे गप्प बसले होते. मला वाटलं, शांत स्वभाव असेल. हा आजार आहे, हे मला काय माहीत?”

ती स्वतः मासळी घ्यायला गेली की पापलेटाचे कल्ले उघडून बघते, बोटाने दाबून बघते, हातातलं ठेवते, दुसरं उचलते आणि कोळणीशी मनसोक्त भांडते. मी एकदा एकटा गेलो आणि “द्या कुठलंही” म्हणालो. कोळणीने मला जे दिलं ते बायकोने दारातूनच परत पाठवलं. परत घेऊन गेलो तेव्हा कोळीण म्हणाली, “भाऊ, तुम्ही नका येत जाऊ. वैनीला पाठवा.”

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं मी तिच्यासाठी लिहितोय.

चाळीत आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती आणि पुढची गॅलरी रस्त्यावर होती. गॅलरीतल्या तिसऱ्या खांबाला टेकून एक लाकडी स्टूल असायचं. ती आईची जागा. दुपारचं आवरलं की आई तिथे येऊन बसायची. हातात काहीतरी असायचं, कधी मेथीची जुडी, कधी वाटाणे, पण डोळे खाली. कोणाच्या घरी डॉक्टर आला, कोण नवी छत्री घेऊन चाललंय, कोणाची सून पिशवी घेऊन माहेरी निघाली, फुलवालीकडे आज कोणाची उधळपट्टी चालली आहे, हे आईला सगळं ठाऊक असायचं. चौकातून बस वळली की कोणता नंबर ते ती न बघता सांगायची. लोक खालून मान वर करून बोलायचे, आणि ती वरून त्यांना घरी कोण आजारी आहे, कोणाचा निकाल लागला ते विचारायची. वडील गेले, तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी आई त्या स्टुलावर जाऊन बसली. खालून फुलवालीने वर बघितलं आणि दोघी एकमेकींकडे बघून थोडा वेळ रडल्या. मग आईने तिला विचारलं, “शेवंती आली का ग?” माझ्या आईने आयुष्यात स्वतःसाठी राखलेली जागा एवढीच, एक खांब आणि एक स्टूल.

मग चाळ पाडायची ठरली. टॉवर होणार, प्रत्येकाला नवीन फ्लॅट मिळणार. तोपर्यंत आम्ही शीवला भाड्याच्या जागेत राहिलो. तिथेही खिडकी रस्त्यावर होती, आणि पहिल्या दिवशी आई मोठ्या आशेने खिडकीत बसली. संध्याकाळी म्हणाली, “इथे कोणीच ओळखीचं जात नाही रे.” चार वर्षं तिने तशीच काढली. गिरगावातून कोणी भेटायला आलं की पहिला प्रश्न असायचा, इमारत कितीवर आली.

इमारत वर आली आणि जागा वाटायची वेळ झाली. कमिटीने पद्धत ठरवली होती. चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचे, आणि नंबराप्रमाणे एकेकाने टेबलापाशी यायचं, नकाशा बघायचा आणि आपली जागा सांगायची. जी सांगाल ती तुमची. खालचे तीन मजले गाड्यांसाठी होते, आमच्या लोकांची घरं चौथ्यापासून नवव्यापर्यंत. प्रत्येक मजल्यावर काही फ्लॅट रस्त्याकडचे आणि काही मागचे. मागे दुसरा टॉवर अगदी खेटून उभा होता.

चाळीतल्या बहुतेकांना वरचा मजला हवा होता, हवा आणि उजेडासाठी. आईला चौथा हवा होता. हे तिने मला सांगितलं नव्हतं, ती कशाला सांगेल? पण त्या रविवारी सकाळी टॅक्सीत बसल्यावर तिने विचारलं, “चौथ्या मजल्यावरून माणसांचे चेहरे दिसत असतील ना रे?” मी म्हणालो, “दिसायला हवेत.” ती म्हणाली, “त्याच्या वर गेलं की नुसती डोकी दिसतात.” ती चांगली साडी नेसली होती आणि तिने चष्मा दोनदा पुसला होता. बायकोच्या बहिणीचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे बायकोला हॉस्पिटलात जायचं होतं. निघताना तिने मला दारात अडवून बजावलं होतं, “चौथा मजला, रस्त्याकडची. एवढंच बोला. दुसरं काही बोलायला तोंड उघडू नका.” चौथ्या मजल्यावर रस्त्याकडे एकच फ्लॅट होता, रस्त्याकडच्या बाकीच्या जागेत सोसायटीचं ऑफिस होणार होतं.

एका शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. चिठ्ठी आईने स्वतः काढली. नंबर तीन! छत्तीस घरांत तिसरा नंबर. आई लहान मुलीसारखी हसली. पहिल्या दोघांनी नववा मजला घेतला. मग सेक्रेटरीने आमचं नाव पुकारलं आणि आम्ही दोघं टेबलापाशी गेलो. आईने चष्मा नीट केला, नकाशावर वाकली आणि चौथ्या मजल्यावरच्या रस्त्याकडच्या फ्लॅटवर बोट ठेवलं. खिडकी जिथे काढली होती, नेमकं तिथे.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला. चौथा नंबर आमच्याच गॅलरीतल्या शेवटच्या खोलीतल्या काकांचा होता. शाळेत शिकवायचे, आता निवृत्त. “कुठली घेताय?” ते म्हणाले. “नाही, सहज विचारलं. माझे गुडघे हे असे. लिफ्ट बंद पडली तर चौथ्यापर्यंत निदान चढता येईल, असं आमची सून म्हणत होती. पण तुम्ही घ्या हो! तुमचा नंबर आधीचा आहे. आम्हाला काय, काहीही चालेल.”

माझं शस्त्र माझ्यावरच चालवलं जात होतं, आणि चालवणारा माझ्यापेक्षा वीस वर्षं जास्त मुरलेला होता. मी म्हणालो, “छे छे काका, तुम्हाला हवी असेल तर घ्या. आम्हाला काहीही चालेल.” ते म्हणाले, “अरे नको नको, असं कसं?” मी म्हणालो, “खरंच घ्या.” ते म्हणाले, “नाही हो, तुम्हीच.” मी म्हणालो, “काका, आता संकोच करू नका.” आणि काकांनी संकोच केला नाही. “बरं, तू एवढा आग्रह करतोयस तर,” असं म्हणून त्यांनी सेक्रेटरीकडे बघितलं. काका पक्के गिरगावकर. किती वेळा नको म्हणायचं आणि कधी थांबायचं, हे त्यांना बरोबर माहीत होतं. मला फक्त नको म्हणणं येत होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो आहोत, आणि मी माझ्यासारखा भित्रा माणूस जे करतो तेच केलं. जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली. सगळ्या हॉलसमोर मी आईला विचारलं, “आई, तुला कुठली हवी?”

आईचं बोट अजून त्या खिडकीवर होतं. ते मला स्वच्छ दिसत होतं. तिने वर बघितलं. माझ्याकडे, काकांकडे, मागे रांगेत उभ्या असलेल्या चाळभर ओळखीच्या माणसांकडे. “मला काय रे,” ती म्हणाली, “काहीही चालेल.”

सेक्रेटरीला तेवढंच हवं होतं. “वहिनी, तुम्ही लोक खरंच समजूतदार,” तो म्हणाला. “बघा, मागच्या बाजूला जायला कोणी तयार होत नाही, शेवटी भांडणं होतात. तुम्हाला चालतंय तर चौथ्यावरच मागची देऊ का? मजला तोच.” समजूतदार हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. ज्याच्याकडून काही काढून घ्यायचं असतं त्याला तो आधी देतात. हॉलमध्ये दोन-तीन लोक “वा वा” म्हणाले. मी मान हलवली. पेनाने नाव लिहिलं गेलं, आईने सही केली, आणि पाचवा नंबर पुकारला गेला.

संध्याकाळी बायकोने विचारलं, “कुठली मिळाली?”

“चौथा मजला.”

“रस्त्याकडची?”

“चौथा मजला,” मी पुन्हा म्हणालो.

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर आठ दिवस आमच्या घरी दोन्ही वेळा दुधी होता. पाचव्या दिवशी मी ताटाकडे बघून हुं केलं, तर म्हणाली, “का? तुम्हाला काहीही चालतं ना?” आई मुकाट्याने दुधी खात होती. शिक्षा मला होती, पण जेवत तीही होतीच.

आम्ही गिरगावात परत आलो. गुळगुळीत फरशी, दोन बाथरूम, लिफ्टमध्ये आरसा. नातेवाईक येऊन भिंतींना हात लावून बघून गेले. आईची खुर्ची आम्ही खिडकीशी ठेवली. खिडकीबाहेर दोन हातांवर बाजूच्या टॉवरची भिंत होती, आणि भिंतीवरून पाण्याचे चार पाइप खाली उतरत होते. आई म्हणाली, “छान आहे. शांत आहे. ऊन लागत नाही ते एक बरं.” आणि मी ते मान्य केलं, कारण मान्य करणं मला सोयीचं होतं.

पंधरा दिवसांत तिने पाइप वाचायला सुरुवात केली. “समोर वरच्या मजल्यावर पाहुणे आलेत,” एक दिवस ती म्हणाली, “सकाळपासून पाणी वाहतंय.” दुसऱ्या दिवशी म्हणाली, “त्या डावीकडच्या पाइपवाल्यांची आज सुट्टी दिसते, उशिरा उठले.” बायको हे ऐकून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मला हसू आलं होतं. ते आठवलं की आज मला स्वतःची चीड येते.

रस्त्याकडच्या फ्लॅटमध्ये काका राहतात. त्यांच्या खिडकीला जाड पडदा आहे आणि तो कायम ओढलेला असतो, कारण उजेड आला की टीव्हीवर नीट दिसत नाही. लिफ्ट आजवर एकदाही बंद पडलेली नाही. एकदा पॅसेजमध्ये ते आईला म्हणाले होते, “या ना कधी आमच्या खिडकीत बसायला.” आई म्हणाली, “नको हो, कशाला!” काकांनी पुन्हा विचारलं नाही.

साताठ महिने गेले असतील. एका शनिवारी मी ऑफिसातून लवकर आलो. बायको अजून तिच्या कामावरून आली नव्हती. घराला कुलूप, आई आत नाही. तिच्याकडे मोबाईल आहे, पण तो आत टेबलावर वाजत होता. काकांची बेल वाजवली, त्यांनी टीव्हीचा आवाज कमी न करता “नाही हो” सांगितलं. गच्चीवर जाऊन आलो. लिफ्टची वाट न बघता जिना उतरलो आणि गेटपाशी आलो, तर आई तिथे बसली होती. वॉचमनच्या खुर्चीत, मांडीवर मेथीची जुडी घेऊन. वॉचमन बाजूला उभा होता. मला बघून तो म्हणाला, “माताजी तो रोज आती हैं, साब. चार बजे. मैं खडा रहता हूँ, क्या टेन्शन है.”

रोज. आणि घरात हे फक्त मला माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं, हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, तुम्ही कधी विचारता का, त्याची मी वाट बघत होते.

आई मला बघून जरा ओशाळली. “वर करमत नाही,” म्हणाली. “इथून दिसतं सगळं. ती बघ, फुलवालीची नात आता दुकानावर बसते.” मी तिच्या बाजूला फूटपाथच्या कडेवर बसलो. रस्त्यावरून माणसं जात होती आणि त्यातली निम्मी आईला हात करत होती. पण खाली बसल्यामुळे तिला मान वर करून बोलावं लागत होतं. एवढी वर्षं ती वरून बोलली होती.

मी विचारलं, “आई, खरं सांग. तुला त्या दिवशी कुठली जागा हवी होती?”

तिने मान वळवली नाही, वर बघितलंही नाही. मेथीची काडी मोडत नुसता हात मागे करून तिने इमारतीकडे बोट दाखवलं. बोट जिथे गेलं तिथे मी पाहिलं. चौथा मजला, रस्त्याकडची खिडकी, ओढलेला पडदा.

“मग बोलली का नाहीस?” हे विचारताना माझा आवाज वडिलांसारखा झाला, ते मला ऐकू आलं.

आई म्हणाली, “तू एकदाच विचारलंस.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, काकांना दोष दिला असता, कमिटीला शिव्या घातल्या असत्या. ती साधा हिशोबी नियम सांगावा तसं बोलली. तो नियम तिनेच मला शिकवला होता, चिमटा काढून. मी तिथेच फूटपाथवर बसून राहिलो आणि मला रडू आलं. आई म्हणाली, “ऊठ, पँट मळेल.”

जागा आता बदलत नाही. काकांना विचारून बघू, असं बायको म्हणते, पण काका पहिल्यांदा नको म्हणतील आणि ते खरंच नको असेल. तरी काहीतरी करायचं म्हणून दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी आईला घेऊन गिरगावातल्याच एका खुर्च्यांच्या दुकानात गेलो. वॉचमनला तरी किती दिवस उभं ठेवणार? दुकानदाराने विचारलं, “कुठली दाखवू, आजी?”

आई म्हणाली, “कुठलीही चालेल.”

दुकानदार हाताला लागेल ती खुर्ची काढायला वळला. मी त्याला थांबवलं आणि आईकडे वळून म्हणालो, “आई, तुला कुठली हवी?”

तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, हा खरंच विचारतोय का ते बघायला. मग पदर खोचला. “हाताची हवी,” ती म्हणाली. “पाठ उंच हवी. पांढरी नको, मळते. तो चॉकलेटी रंग तर अजिबात नको. पाय डगमगता कामा नयेत. आणि बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर मुंग्या येतात.” दुकानदाराने एकामागून एक अकरा खुर्च्या खाली उतरवल्या. आई प्रत्येकीवर बसली, मागे रेलली, हात ठेवून बघितले, दोघींना नावं ठेवली, एकीसाठी परत मागे फिरली. मी घामाघूम होऊन उभा होतो आणि दुकानदार माझ्याकडे दयेने बघत होता.

खुर्ची निवडायला आम्हाला पाऊण तास लागला. घर निवडायला चार मिनिटं पुरली होती.